बिनलेपाच्या भिंगांचा जमाखर्च

१९३० च्या दशकातले लायकाचे किंवा कॉन्टॅक्सचे भिंग आजच्या मिररलेस कॅमेऱ्याला लावून छायाचित्रे काढण्याची हौस गेल्या दीड दशकात चांगलीच फोफावली आहे. या भिंगांच्या काचेवर परावर्तन रोखणारा लेप नसतो. त्यामुळे उजेडाकडे तोंड करून काढलेल्या चित्रावर दुधाळ पडदा पसरतो, काळे भाग राखाडी होतात, दिव्याभोवती वलये उमटतात, आणि हौशी मंडळी या सगळ्याला ‘जुना लूक’ म्हणतात. जुन्या वस्तूवर जीव असण्यात वावगे काही नाही. पण ‘जुना’ हा शब्द उच्चारला की तो इतिहासाबद्दलचा दावा होतो, आणि दावा तपासावा लागतो. माझ्या मते हा दावा बहुतांशी खोटा ठरतो. ज्यांनी ही भिंगे आखली आणि ज्यांनी ती वापरली, त्यांचे निम्मे कौशल्य हाच दुधाळपणा टाळण्यात खर्ची पडत होते. त्यांनी मांडलेल्या जमाखर्चातली फक्त खर्चाची बाजू आज आपण उचलतो आणि तिलाच त्या काळाची कमाई समजतो.

हा जमाखर्च अगदी साधा आहे. प्रकाश हवेतून काचेत शिरतो किंवा काचेतून हवेत येतो, तेव्हा दर वेळी त्यातला थोडा मागे फिरतो. साध्या काचेवर हे प्रमाण सुमारे चार टक्के असते, जड काचेवर पाचाच्या वर जाते. हिशेबासाठी सरसकट पाच टक्के धरू. चार पृष्ठभाग असलेल्या भिंगातून मग सुमारे ८१ टक्के प्रकाश पार होतो, सहा असतील तर ७३, आठ असतील तर ६६, आणि दहा असतील तर जेमतेम ६०. उजेड कमी पडला तर थोडा जास्त वेळ देऊन भागते, म्हणून हा तोटा सोसता येतो. खरे दुखणे मागे फिरलेल्या प्रकाशाचे आहे. तो दुसऱ्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा पुढे येतो आणि जिथे त्याचे काही काम नाही तिथे, म्हणजे चित्रातल्या सावल्यांमध्ये, जाऊन बसतो. अशा आपटाआपटीसाठी दोन पृष्ठभागांची जोडी लागते. चार पृष्ठभागांत अशा जोड्या सहा होतात, सहांत पंधरा, आठांत अठ्ठावीस आणि दहांत पंचेचाळीस. प्रत्येक जोडीमागे पाच टक्क्यांचे पाच टक्के, म्हणजे पाव टक्का भटका प्रकाश धरला, तर चार पृष्ठभागांच्या भिंगात तो दीड टक्का होतो आणि दहा पृष्ठभागांच्या भिंगात अकराच्या पुढे जातो. हा आकडा ढोबळ आहे, कारण सगळाच भटका प्रकाश फिल्मपर्यंत पोचत नाही. पण दृश्यातली गडद सावली जर झगझगीत आकाशाच्या शंभराव्या हिश्शाइतकीच उजळ असेल, तर तिच्यावर पाच-सात टक्क्यांचा पडदा पडल्यावर तिच्यात काय उरणार? पृष्ठभाग वाढले की प्रकाशाचा तोटा सावकाश वाढतो, जोड्या मात्र भराभर वाढतात. लेपापूर्वीच्या भिंगांचा इतिहास या दोन वाढींमधल्या फरकावर उभा आहे.

त्या काळची भिंगे पृष्ठभाग मोजत मोजत पाहिली की हे ध्यानात येते. व्हिएन्नात पेत्झवालने १८४० मध्ये आखलेल्या व्यक्तिचित्रांच्या भिंगात चार काचा होत्या, पण पुढच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या असल्याने हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच होते. डेनिस टेलरच्या १८९३ च्या कुक ट्रिप्लेटमध्ये तीन सुट्या काचा, म्हणजे पुन्हा सहा. एमिल फॉन होएगने गर्झ कंपनीसाठी १८९२ मध्ये आखलेल्या डागोरमध्ये काचा सहा असूनही तीन-तीनचे दोन चिकटवलेले संच केले होते, त्यामुळे पृष्ठभाग फक्त चार. काचा चिकटवायला कॅनडा बाल्सम नावाचा फर झाडाचा राळेसारखा चीक वापरत. तो काचेइतकाच प्रकाशाला वळवतो, म्हणून त्या सांध्यावर परावर्तन जवळपास होतच नाही. एका परीने झाडाचा हा चीकच त्या काळचा परावर्तनरोधक लेप होता. उलट उदाहरण झाइसच्या पॉल रुडॉल्फचे. १८९६ मध्ये त्याने प्लानार हे आठ पृष्ठभागांचे भिंग काढले. कागदावर ते उत्तम होते, व्यवहारात त्याला फारसे दिवस मिळाले नाहीत. १८९९ च्या त्याच्या उनारमध्येही चार सुट्या काचा आणि आठ पृष्ठभाग होते. मग १९०२ मध्ये त्याने उनारच्या मागच्या दोन काचा चिकटवून टाकल्या. तो टेसार. चार काचा, सहा पृष्ठभाग आणि पुढची कित्येक दशके टिकलेली लोकप्रियता.

यावर जाणकार आक्षेप घेतील की टेसारच्या मागच्या काचा चिकटवण्यात रुडॉल्फचा हेतू परावर्तन कमी करण्यापेक्षा प्रतिमेतले दोष सुधारण्याचा होता आणि प्लानारही केवळ दुधाळपणामुळे मागे पडले नाही. आक्षेप खरा आहे. एकट्या टेसारवर माझा युक्तिवाद उभा केला तर तो लंगडा पडेल. म्हणून लुडविग बेर्टेलेच्या झोनारकडे जायला हवे, कारण तिथे शंकेला जागा उरत नाही. बेर्टेलेने आधी एर्नेमान कंपनीसाठी एर्नोस्टार केले होते. हे एर्नोस्टार बसवलेल्या एर्मानॉक्स कॅमेऱ्याने एरिख झालोमोनने बंद दालनांतली, फ्लॅशशिवायची वृत्तछायाचित्रे टिपली. पुढे झाइससाठी कॉन्टॅक्सचे भिंग करताना बेर्टेलेने एर्नोस्टारमधली काचांमधली हवेची एक पोकळी हेरली आणि तिथे काच भरली. ती काच मुद्दाम कमी अपवर्तनांकाची निवडली, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या कामात ती शक्य तितकी हवेसारखीच वागावी. एवढी जड, घासून-चिकटवून महागात पडणारी काच मुख्यतः हवा हुसकावण्यासाठी! १९३२ च्या एफ/१.५ झोनारमध्ये सात काचा होत्या आणि पृष्ठभाग सहा. चार वर्षांनी त्याला तोड म्हणून लायकासाठी एफ/१.५ चे क्सेनॉन आले. त्यातही काचा सातच, पण पृष्ठभाग दहा. छिद्राचा आकडा दोन्हींवर सारखाच कोरलेला, पण वरच्या हिशेबाने क्सेनॉनमधून जवळजवळ एक तृतीयांश स्टॉप कमी प्रकाश पोचतो आणि जोड्या पंधराच्या जागी पंचेचाळीस होतात. अंधाऱ्या खोलीत खिडकीचा उजेड समोर असताना या दोघांतले कोणते भिंग हाती असावे, हे त्या काळच्या वृत्तछायाचित्रकाराला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तरीही आठ पृष्ठभागांची भिंगे त्या काळी चाललीच नाहीत, असे म्हणणे धाडसाचे होईल. होरेस ली यांनी १९२० मध्ये टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनीसाठी प्लानारच्याच कुळातले एफ/२ चे भिंग आखले आणि त्यातून निघालेली स्पीड पँक्रो भिंगे १९३० च्या दशकात हॉलिवुडमध्ये सर्रास वापरली गेली. तीही बिनलेपाचीच. मग माझा मुद्दा कोसळतो का? मला वाटते, उलट पक्का होतो. बोलपट आल्यावर कार्बन आर्कच्या दिव्यांची फुरफुर ध्वनिमुद्रणात येऊ लागली, म्हणून साध्या तारेचे दिवे आले. त्यांचा उजेड कमी आणि पिवळसर, म्हणून पँक्रोमॅटिक फिल्म आणि मोठ्या छिद्राची भिंगे लागली. स्टुडिओत मात्र एकेक दिवा कुठे ठेवायचा हे माणसाच्या हातात होते. भिंगावर थेट येणारा उजेड काळ्या पट्ट्यांनी अडवायचा, कॅमेऱ्यापुढे मॅट बॉक्स लावायचा. म्हणजे भिंगाने जे सांभाळायचे ते प्रकाशयोजनेने सांभाळले. लेपाच्या अभावाची किंमत कोणीतरी मोजतच होते. आपला सिनेमाही याला अपवाद नव्हता. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा आणि प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. बाजारात लेपाची भिंगे येण्याआधीची मराठी चित्रपटसृष्टीची ही पाव शतकभराची कमाई सगळी उघड्या काचेतूनच झाली. फाळके सूर्यप्रकाशात काम करत, प्रभातने स्टुडिओतले दिवे वापरले. पण या चित्रपटांची आठवण काढताना ‘ते दुधाळ होते’ असे कोणी म्हणत नाही. प्रती खराब झाल्या, रेघा पडल्या, ही तक्रार असते आणि ती साठवणुकीची असते.

फिल्म आणि कागदाची बाजू तर आजच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही. भटका प्रकाश नेगेटिव्हच्या सावल्यांत शिरला की त्या थोड्या उठतात, चित्रातला चढउतार आखडतो. पण नेगेटिव्ह म्हणजे चित्र नव्हे, चित्र कागदावर होते. कागद नरम, साधा, कडक अशा प्रतींत मिळे, आणि मऊ पडलेले नेगेटिव्ह कडक कागदावर छापले की काळा पुन्हा काळा होई. नेगेटिव्ह थोडे जास्त धुतले तरी हेच साधे. शिवाय भिंगापुढे हूड लावायचे, सूर्य पाठीशी ठेवायचा, स्टुडिओला उत्तरेकडून उजेड घ्यायचा, हे सगळे नियम पहिल्याच धड्यातले होते. म्हणून १९३० च्या दशकातल्या चांगल्या प्रिंट आपण आज पाहतो तेव्हा त्यांत काळे भाग खोल आणि भरीव दिसतात. जुन्या चित्रांत दिव्यांभोवती दिसणारा उजळ धुरळाही पुष्कळदा भिंगाचा नसतो. प्रकाश फिल्मच्या किंवा काचेच्या प्लेटच्या पाठीवरून उलटून थराला पुन्हा लागे, त्याचा तो परिणाम. आणि त्या काळात मुद्दाम मऊ चित्रे काढणारा जो पंथ होता, त्याची मऊ भिंगे काचेच्या वक्रतेतल्या दोषामुळे मऊ दिसत. तिथे रेषा विरघळते. परावर्तनाच्या पडद्याखाली रेषा टोकदारच राहते, फक्त काळा फिका पडतो. धुरळा, मऊपणा आणि पडदा या तीन वेगळ्या गोष्टींना आज एकच नाव दिले जाते, आणि मग सगळा दोष किंवा सगळे श्रेय लेप नसण्याला जाते. कागदाची ही सवलत रंगीत स्लाइडला मात्र नव्हती. १९३५-३६ मध्ये कोडाक्रोम आणि आगफाकलर आल्यावर फिल्मवर जे उमटले तेच पडद्यावर जायचे, ते सावरायला मध्ये कडक कागद नव्हता. निळ्या आकाशाचा उजेड भिंगात भटकला की सावल्या निळसर. लेपाची खरी निकड इथे जाणवू लागते.

लेपाचा शोध मात्र रंगीत फिल्मची वाट पाहत थांबला नव्हता, आणि त्याची सुरुवात गमतीची आहे. १८९० च्या दशकात त्याच डेनिस टेलरच्या लक्षात आले की काळवंडलेल्या जुन्या भिंगांतून नव्या चकचकीत भिंगांपेक्षा जास्त प्रकाश पार होतो. लोक ज्याला डाग समजून पुसायला धावत, तो पातळ थर परावर्तन कमी करत होता. टेलरने १९०४ मध्ये रसायनाने काच मुद्दाम काळवंडवण्याचे पेटंट घेतले, पण प्रत्येक काच वेगळी वागे, त्यामुळे कारखान्यात ते जमले नाही. १९३५ मध्ये येनाच्या झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुलाने निर्वातात क्षार तापवून त्याची वाफ काचेवर बसवण्याची रीत काढली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॉन स्ट्राँगने स्वतंत्रपणे तेच केले. १९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये कॅथरिन ब्लॉजेटने बेरियम स्टिअरेटचे रेणू-रेणू जाडीचे ४४ थर एकावर एक चढवून परावर्तन जवळपास नाहीसे करून दाखवले, मात्र तो थर बोटाने पुसला तरी जाई. टिकाऊ ठरला तो मॅग्नेशियम फ्लोराइडचा लेप. त्याची जाडी असते हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश, म्हणजे लेपाच्या आत मोजली तर सुमारे १०० नॅनोमीटर. लेपाच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात आणि चार-पाच टक्क्यांचे परावर्तन दीड टक्क्याच्या आत येते. दुसऱ्या महायुद्धात दुर्बिणी, पेरिस्कोप आणि नेमबाजीच्या भिंगांसाठी हे तंत्र पक्के झाले आणि युद्धानंतर कॅमेऱ्यांवर आले. मग पृष्ठभाग मोजण्याचे बंधनच गळून पडले. रुडॉल्फच्या प्लानारचे कुळ पुन्हा वर आले, झोनारची चाल मागे पडली. झोनारच्या पीछेहाटीला एसएलआरच्या आरशाने त्याच्या मागच्या काचेला जागा ठेवली नाही हेही कारण होते, हे सांगितले पाहिजे. झूम आणि रेट्रोफोकस भिंगे तर लेपाशिवाय रोजच्या वापराची झालीच नसती. आजच्या एखाद्या झूममध्ये तीस पृष्ठभाग असतात. ते बिनलेपाचे ठेवले तर जेमतेम २१ टक्के प्रकाश पार होईल आणि जोड्या होतील ४३५.

म्हणूनच ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’चे उदाहरण उद्बोधक आहे. १९९८ च्या या चित्रपटासाठी छायालेखक यानुष कामिन्स्कीने काही भिंगांवरचा लेप काढून टाकला. हेतू असा की चित्र युद्धकाळातल्या वार्ताकॅमेऱ्यांच्या जवळ जावे. परिणाम प्रभावी झाला, त्याबद्दल वाद नाही. पण लेप गृहीत धरून आखलेले भिंग लेप काढल्यावर १९४४ चे होत नाही. पृष्ठभागांची काटकसर ज्याने कधी केलीच नाही असे, कोणत्याही काळात नसलेले भिंग तयार होते. आता हीच रीत बाजारात रूढ होते आहे. भिंग-कंपन्या मुद्दाम कमी लेपाची भिंगे काढतात. कोसिनाने फोक्टलेंडर नावाखाली नॉक्टन भिंगांच्या एकपदरी आणि बहुपदरी लेपाच्या अशा दोन आवृत्त्या विकायला ठेवल्या. गिऱ्हाईक जाणूनबुजून जास्त परावर्तनाचे भिंग मागते, हे पाहून बेर्टेलेला काय वाटले असते कोण जाणे.

आजच्या कॅमेऱ्यावर अस्सल जुने भिंग लावले तरी जुना काळ पुरता हाती लागत नाही, याची कारणे कॅमेऱ्याच्या पोटात आहेत. जोडणी सोपी झाली हे खरे. लायकाच्या जुन्या स्क्रू भिंगाला फिल्मपासून २८.८ मिमी अंतर लागते, निकॉनच्या एसएलआरमध्ये ते ४६.५ मिमी होते, त्यामुळे अशा कॅमेऱ्यावर ते भिंग दूरच्या दृश्यावर साधता येत नसे. २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी-१ पासून आरसा गेला. सोनीच्या ई माउंटमध्ये अंतर १८ मिमी, म्हणजे १०.८ मिमीचा अ‍ॅडॉप्टर पुरतो. पण फिल्मचा थर मंद होता, सेन्सरवरची काच चकचकीत असते. तिच्यावरून उलटलेला प्रकाश भिंगाच्या उघड्या पाठीवर आपटतो आणि चित्रात परत येतो. भिंग आखणाऱ्याच्या हिशेबात ही जोडी नव्हतीच. सेन्सरपुढच्या जाड काचेमुळे काही जुन्या रुंद भिंगांचे कोपरेही विस्कटतात. शिवाय भिंग स्वतः म्हातारे झालेले असते. मधला बाल्सम पिवळा पडतो किंवा सुटतो, आतल्या काचांवर वंगणाची वाफ बसते, पुढच्या काचेवर पुसल्याच्या रेघा असतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यातून गेलेल्या भिंगात बुरशीने काच कोरून काढलेली असते. १९३३ च्या लायका सुमारची पुढची काच मऊ, त्यामुळे बिनरेघांचे सुमार दुर्मीळ. या धुरकटपणाचाही जमाखर्च ‘लेप नाही’ या खात्यावर टाकला जातो.

कोणी म्हणेल, हौसेला इतकी उलटतपासणी कशाला? ज्याला दुधाळ चित्र आवडते त्याने ते काढावे. काढावेच, रुचीला पुरावा लागत नाही. माझी हरकत फक्त ‘असेच तेव्हा दिसत होते’ या वाक्याला आहे. तेव्हा कसे दिसत होते हे ज्याला खरोखर पाहायचे असेल, त्याने ते भिंग तेव्हाच्या शिस्तीने वापरावे. खोल हूड लावावे, उजेड पाठीशी किंवा बाजूला घ्यावा, आणि कडक कागदाने जे व्हायचे ते संगणकावर काळ्याची खालची हद्द सरकवून करावे. मग चांगल्या अवस्थेतले टेसार किंवा झोनार आजच्या लेपाच्या भिंगाच्या किती जवळ येते हे पाहून आश्चर्य वाटेल. सावल्यांत थोडे दाणे जास्त दिसतील, कारण भटक्या प्रकाशाने झाकलेले सगळे परत मिळत नाही. लेपाने नेमके काय कमावले, हेही तिथेच कळते.

विकत घेणाऱ्याने एक गोष्ट मात्र आधी पाहावी. युद्धानंतर पुष्कळांनी आपली जुनी भिंगे कारखान्यात पाठवून त्यांवर लेप चढवून घेतला, म्हणून अनुक्रमांक १९३५ चा असला तरी भिंग बिनलेपाचे असेलच असे नाही. भिंग ट्यूबलाइटखाली थोडे तिरके धरावे आणि काचांत उमटणाऱ्या दिव्याच्या प्रतिमा मोजाव्यात. त्या जांभळट किंवा निळसर दिसल्या तर लेप आहे, नाहीतर टेलरने हेरलेला तो काळवंडलेला थर आहे, आणि तो पुसायच्या भानगडीत पडू नये. सहा पांढऱ्या, ठळक प्रतिमा आणि चिकटवलेल्या सांध्यावरची एक अगदी फिकी दिसली, तर हातात आहे ते बिनलेपाचे टेसार किंवा त्याच घडणीचे लायकाचे एल्मार.